दाराबाहेर सासू उभी असताना: परिचारिकांच्या प्रशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून होणारी मारहाण आणि छळ ओळखायला परिचारिकांना कसं शिकवावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत. पत्रं आटोपशीर केली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न: मी जीएनएमच्या, म्हणजे परिचारिकांच्या पदविकेच्या, शाळेत पाठ्यनिर्देशिका (शिक्षिका) आहे. शेजारच्या रुग्णालयातल्या २५ सिस्टरांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. सकाळी वकिलांचं व्याख्यान, मग पोलीस अधिकाऱ्यांचं, दुपारी स्लाइड्स असा बेत ठरतोय. एवढं पुरेल का?

नाही पुरणार. अशा दिवसातून सिस्टरांना कलमांचे आकडे मिळतात. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या टेबलावर डोळ्याखाली काळंनिळं झालेली बाई बसली, की तोंडातून पहिलं वाक्य कोणतं काढायचं हे मात्र त्यांना माहीत नसतं. ते वाक्य तोंडात बसवणं हेच या प्रशिक्षणाचं मुख्य काम. कायद्याला पाऊण तास द्या, तोही शेवटी. सकाळचे ताजे तास सरावासाठी राखा.

सहा तासांची वाटणी साधारण अशी करा. पहिला पाऊण तास मतांसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सात कारणं देऊन विचारलं होतं, की यांपैकी एखाद्या कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य आहे का. न सांगता घराबाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, सासरच्यांचा मान न ठेवणं अशी ती कारणं. देशभरातल्या ४५ टक्के बायकांनी निदान एका कारणाला होकार दिला. आपल्या सिस्टर याच घरांतून ड्यूटीवर येतात. म्हणून ‘एखादी थप्पड म्हणजे काही छळ नव्हे’, ‘तीही उलट बोलतच असेल’ अशी चार-पाच वाक्यं वाचा. पटलं तर खोलीच्या एका बाजूला, नाही पटलं तर दुसऱ्या बाजूला उभं राहायला सांगा. वाद जिंकायला जाऊ नका. एकच विचारा: ‘हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकल्यावर पेशंट पुढचं सांगेल का?’ खोली गप्प होते. त्या शांततेत घाई करू नका.

मग एक तास ओळखण्यासाठी, दोन तास विचारण्या-ऐकण्याच्या सरावासाठी, दीड तास केसपेपरवरच्या नोंदीसाठी. कायदा आणि मदतीची ठिकाणं मिळून उरलेला पाऊण तास.

सराव तिघींच्या गटात घ्या: एक सिस्टर, एक पेशंट, एक नुसती पाहणारी. दर दहा मिनिटांनी भूमिका बदला. पाहणारीच्या हातात चार ओळींचं कार्ड द्या: एकटीला गाठलं का, मध्येच तोडलं का, सल्ला दिला का, दोष दिला का. सगळ्यात जास्त खुणा तिसऱ्या ओळीवर पडतात. पेशंटचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत सिस्टर म्हणते, ‘अहो, माहेरी का जात नाही?’ ही खोड मोडायला दोन तासही कमीच पडतात.

आणखी एक सांभाळा. सरावात मारहाण कधीही करून दाखवायची नाही. नवऱ्याचं पात्र नको, आरडाओरडा नको. सराव फक्त संभाषणाचा. नाटक रंगलं की काही जणी हसतात, काहींना भरून येतं आणि शिकवणं बाजूला राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१४ साली वॉर्डात वापरायची पुस्तिका आणि २०१९ साली प्रशिक्षकांसाठी पूर्ण अभ्यासक्रम. पुस्तिकेतल्या पाच पायऱ्या भिंतीवर लावण्याजोग्या आहेत: ऐकून घेणं, तिची गरज आणि काळजी विचारणं, तिच्यावर विश्वास ठेवल्याचं शब्दांत सांगणं, तिची सुरक्षितता वाढवणं, पुढच्या मदतीशी तिला जोडून देणं. पाचही पायऱ्या एकाच सिस्टरने पार पाडायच्या असं नाही. पहिल्या तीन मात्र प्रत्येकीला आल्याच पाहिजेत.

एका दिवसाने काम संपत नाही. चार ते सहा आठवड्यांनी एक तासाची बैठक वॉर्डातच ठेवा. आणि अधिसेविका (मेट्रन), कॅज्युअल्टीचे डॉक्टर, केसपेपर काढणारे कारकून, वॉर्डातल्या मावशी यांनाही निदान तासभर तरी बसवा. सिस्टरने हळू आवाजात विचारलेलं मावशीने व्हरांड्यात मोठ्याने सांगितलं, तर त्या बाईचा जीव धोक्यात येतो.

प्रश्न: आमच्या ओपीडीत बाई कधीच एकटी येत नाही. नवरा, सासू, नणंद कोणीतरी चिकटून असतंच. सगळी उत्तरंही तेच देतात. अशा वेळी विचारायचं कसं?

त्यांच्यासमोर विचारायचंच नाही, हा पहिला नियम. एकांत मिळत नसेल तर तो प्रश्न त्या दिवशी न विचारलेला बरा. घरी गेल्यावर ‘सिस्टरला काय सांगितलंस?’ याचा हिशेब तिलाच द्यावा लागतो.

एकांत मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सर्वांना एकच नियम. ‘तपासणीच्या वेळी पडद्याआड फक्त पेशंट’ अशी पाटी लावा आणि तोच नियम सरपंचांच्या सुनेलाही लावा. नियम सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर कोणाला संशय येत नाही. नवऱ्याला केसपेपरच्या खिडकीवर, औषधं आणायला किंवा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला पाठवता येतं. बाईला वजनासाठी किंवा लघवीच्या नमुन्यासाठी आत नेता येतं. प्रशिक्षणाच्या दिवशी सिस्टरांना अर्धा तास आपापल्या वॉर्डात पाठवा आणि जिथून आवाज बाहेर जात नाही अशी एक जागा शोधून यायला सांगा. लिननची खोली, ड्रेसिंग रूम, लसीकरणाची खोली, काहीतरी सापडतंच. नुसता पडदा पुरत नाही. पडद्याला डोळे नसतात, पण पलीकडच्याला कान असतात.

तिची आई सोबत असली तरी बाईला एकटीलाच विचारा. ‘जरा सांभाळून घे’ हे आईनेच सांगितलेलं असतं आणि तिच्यासमोर लेक खरं बोलत नाही. बोलतं मूल असेल तर त्यालाही मावशीबरोबर बाहेर पाठवा. ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगतं. बाई पावरी, गोरमाटी किंवा गोंडी बोलणारी असेल तर दुभाष्या म्हणून नातेवाईक घेऊ नका, रुग्णालयातलं कोणी शोधा.

विचारताना ‘हिंसा’ हा शब्द टाळा. तो कागदावरचा शब्द आहे. लोक ‘त्रास’, ‘मारझोड’, ‘हात उचलतो’ म्हणतात. आधी एक वाक्य वाट करून देणारं: ‘ताई, इथे येणाऱ्या बऱ्याच जणींना घरात त्रास असतो, म्हणून मी विचारते.’ मग थेट: ‘घरात कोणाची भीती वाटते का? कोणी हात उचलतं का?’ जखम दिसतच असेल तर: ‘ही जखम पडल्यासारखी वाटत नाही. कोणी मारलंय का?’ एवढं विचारून थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. बहुतेक सिस्टर तिनावरच पुन्हा बोलायला लागतात.

ती ‘नाही’ म्हणाली तर खोदू नका. ‘बरं. पुढे कधी काही वाटलं तर इथे या, माझ्याशी बोला.’ झालं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलणाऱ्या बायका पुष्कळ असतात, पण पहिल्या खेपेला कोणी उलटतपासणी घेतली तर त्या परत येत नाहीत.

‘तुम्ही असं काय केलं म्हणून त्याने मारलं?’ हा प्रश्न मात्र कायमचा बंद. त्याऐवजी: ‘यात तुमची चूक नाही. कोणालाही मारायचा हक्क कोणाला नाही.’

प्रश्न: प्रत्येक बाईला विचारायचं का?

जागतिक आरोग्य संघटना सरसकट विचारायची शिफारस करत नाही. खुणा दिसल्या की विचारा, असं ती सांगते. गरोदरपणाची तपासणी हे मात्र असं ठिकाण आहे, जिथे बाई पुन्हा पुन्हा येते; तिथे प्रशिक्षित सिस्टर, एकांत आणि पुढची सोय असेल तर सगळ्यांना विचारणं शक्य आहे. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर आधी ते उभं करा.

खुणा शिकवताना मारच दाखवत बसू नका. उशिरा झालेली एएनसी (गरोदरपणाच्या तपासणीची) नोंदणी, वारंवार गर्भपात, पुन्हा पुन्हा होणारे गुप्तरोग, ओटीपोटातलं न थांबणारं दुखणं, झोप न लागणं, सारखी अंगदुखी या खुणा ओपीडीत रोज येतात आणि दर खेपेला गोळ्या घेऊन परत जातात. ‘चुकून औषध प्यायले’ आणि ‘स्टोव्हचा भडका उडाला’ ही दोन वाक्यं ऐकली की बाई स्थिर झाल्यावर एकांतात विचारायलाच हवं. मारात पाहायच्या जागा: तोंड, मान, कानाचा पडदा, छाती, आणि हात आडवा धरून मार चुकवताना करंगळीच्या बाजूने लागलेला कोपराखालचा भाग. सांगितलेलं कारण आणि जखम जुळत नसेल, तर तीच सगळ्यात मोठी खूण.

गळ्याबद्दल वेगळं शिकवा. ‘गळा धरला होता का, आवळला होता का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारावं लागतं. बाई आपण होऊन सांगत नाही. बाहेरून वळ नसला तरी आत इजा असू शकते. आवाज घोगरा झालाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत बारीक लाल ठिपके आहेत, क्षणभर शुद्ध गेली होती, कपड्यांत लघवी झाली होती, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवा आणि तिला घरी सोडू नका. सूज काही तासांनीही वाढते.

प्रश्न: केसपेपरवर ‘घरात पाय घसरून पडली’ असं लिहायची आमच्याकडे पद्धत आहे, कारण कोर्टाची भानगड नको असते. हे चूक आहे का?

फार मोठी चूक आहे. तिने उद्या न्यायालयात दाद मागितली तर तो कागद तिच्याच विरुद्ध उभा राहतो. आणि नीट लिहिलेल्या कागदाने सिस्टरच्या मागची भानगड वाढत नाही, कमी होते. गोंधळ होतो तो अर्धवट नोंदीमुळे.

नोंद दोन भागांत शिकवा. तिने काय सांगितलं आणि मला काय दिसलं. पहिल्या भागात तिचेच शब्द, अवतरणचिन्हांत, मारणाऱ्याच्या नात्यासह: रुग्ण सांगते, ‘काल रात्री नऊच्या सुमारास नवऱ्याने लाटण्याने डाव्या हातावर मारलं.’ दुसऱ्या भागात जागा, आकार, माप, रंग: डाव्या हातावर, कोपराखाली बाहेरच्या बाजूला, ७ सेंमी लांब दोन समांतर लालसर जांभळ्या रेघा, मधला भाग फिकट, दाबल्यावर दुखतं. लाटणं किंवा काठी यांसारख्या गोल वस्तूच्या माराने अशाच दोन रेघा उमटतात. म्हणजे सिस्टरने कोणताही निष्कर्ष न लिहिता केवळ नीट मापून लिहिलं, तरी कागद बोलतो.

शरीराची पुढून-मागून बाह्याकृती छापलेला कागद ठेवा आणि जखमेची जागा त्यावर दाखवा. मापाला अंदाज चालत नाही, टेप लावा. रंगावरून ‘तीन दिवसांपूर्वीची जखम’ असं लिहू नका. रंगावरून दिवस नेमके सांगता येत नाहीत. रंग तेवढा लिहा. ‘कथित’, ‘म्हणे’, ‘बाई रडवेली नाटकं करते’ असे शब्द नकोत. ती काही बोलली नाही पण संशय आहे, तर ‘सांगितलेलं कारण जखमेशी जुळत नाही’ एवढंच लिहा.

सरावासाठी पाच जखमांची वर्णनं किंवा चित्रं द्या, प्रत्येकीकडून नोंद लिहून घ्या आणि शेजारणीला ती वाचून आकृतीवर जखम काढायला सांगा. चित्र जुळलं नाही, तर नोंद अपुरी होती.

जो कागद तिच्या हातात जाऊन घरी पोचणार आहे त्यावर मात्र हे काही नको. ती नोंद रुग्णालयात राहणाऱ्या कागदांवर, कुलपात. फोन नंबर घेताना ‘या नंबरवर कोण उचलतं? कधी केलेला चालेल?’ हे विचारा.

एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होणार असेल तर तिला आधी सांगा, की पोलीस चौकीला कळवलं जाईल. कळवणं वेगळं, तिने जबाब देणं वेगळं. सज्ञान बाईला तक्रार करायची नसेल तर तिचा नकार तिच्या सहीने नोंदवा. उपचार त्यासाठी थांबत नाहीत. मुलगी अठराच्या आतली असेल तर गोष्ट बदलते. लग्न झालेलं असो वा नसो, लैंगिक संबंधाची माहिती मिळाल्यावर पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. म्हणून सोळा वर्षांच्या गरोदर मुलीला ‘तू सांगितलेलं कोणाला कळणार नाही’ असं वचन देऊ नका. पाळता येणार नाही.

प्रश्न: २००५ च्या कायद्यात रुग्णालयाला नेमकं काय करावं लागतं? सिस्टरांना किती कायदा शिकवावा?

पोस्टकार्डाच्या एका बाजूला मावेल एवढा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कलम ७ प्रमाणे, पीडित बाईने मागितल्यावर रुग्णालयाला उपचार द्यावेच लागतात. या कायद्याखालचा नियम १७ सांगतो, की आधी कौटुंबिक घटना अहवाल झालेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखांनी नमुना १ मधला हा अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवायचा असतो, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची असते. कौटुंबिक घटना अहवाल म्हणजे पोलीस केस नव्हे, हे ठासून सांगा. सिस्टरांच्या मनातली निम्मी भीती तिथेच जाते. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कलम ४ प्रमाणे कारवाई होत नाही.

बाईला सांगण्यासारखी गोष्ट: या कायद्याखाली तिला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरीही. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारीलाही संरक्षण आहे. नवरा आणि सासरच्यांच्या क्रूरतेचं जुनं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे. जुने तक्ते भिंतीवरून काढा.

नंबरांच्या यादीत १८१ महिला हेल्पलाइन, ११२ तातडीची मदत, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर (पीडित बायकांना सगळी मदत एका ठिकाणी देणारं सरकारी केंद्र), संरक्षण अधिकारी आणि पोलीस ठाण्यातला महिला सहायता कक्ष असावेत. स्थानिक नंबर प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी स्वतः लावून पाहा. न लागणारा नंबर दिला, की ती बाई पुन्हा मदत मागत नाही.

रुग्णालयातच समुपदेशन हवं असेल तर नमुना जवळच आहे. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केलं, आणि पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांत ते वाढलं. तिथली शहाणपणाची गोष्ट ही, की केंद्र रुग्णालयाच्या आतच आहे. ‘दवाखान्यात जाते’ म्हणून बाई घरातून निघू शकते.

प्रश्न: मी ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, आहे. पुरुषाने हे विचारावं का?

विचारता येतं. आधी ‘सिस्टरशी बोलायला आवडेल का?’ एवढं विचारा, आणि दार पूर्ण लावून घेऊ नका. तिची पसंती महत्त्वाची. प्रशिक्षणातून ब्रदरांना वगळणं चूक आहे. रात्रपाळीला कॅज्युअल्टीत पुष्कळदा तेच असतात.

प्रश्न: शिकवताना एक सिस्टर उठून बाहेर गेली आणि रडली. नंतर कळलं, तिच्याच घरी हे चालू आहे. काय करायला हवं होतं?

प्रत्येक तुकडीत अशी कोणीतरी असतेच, असं धरूनच आखणी करा. सुरुवातीलाच सांगा, की विषय जवळचा असू शकतो, केव्हाही उठून जाता येईल, कारण विचारलं जाणार नाही. प्रशिक्षक दोन ठेवा, म्हणजे एकीला बाहेर तिच्याजवळ बसता येतं. ‘इथे कोणाला अनुभव आहे?’ असं गटात कधीही विचारू नका. मदतीचे नंबर सगळ्यांना सारखेच वाटा, म्हणजे जिला हवेत तिला ते मागावे लागत नाहीत. तिचं बोलणं अधिसेविकेपर्यंत जाणार नाही, हे पाळा. तीही त्या घटकेला पेशंटइतकीच एकांताची हक्कदार आहे.

प्रश्न: एवढं करून बाई पुन्हा त्याच घरी जाते. नवऱ्याला बोलावून समजावलं तर नाही का चालणार? आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे कशावरून ठरवायचं?

नवऱ्याला बोलावू नका. बायको बोलली हे त्याला कळतं, आणि रात्री ती त्याच्याबरोबर एकटी असते.

ती परत जाणारच असेल तर जाण्याआधी धोका मोजा. सहा प्रश्न पाठ करून घ्या: गेल्या सहा महिन्यांत मार वाढलाय का? कधी हत्यार उगारलं किंवा धमकी दिली का? गळा आवळला का? तो जीव घेईल असं वाटतं का? गरोदर असताना मारलं का? सतत, आंधळा संशय घेतो का? तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर धोका तातडीचा समजा. डॉक्टर आणि समुपदेशक यांना त्याच वेळी बोलवा, तिला दाखल करून घ्यायचं कारण शोधा. कमी आले तर पाच मिनिटांत योजना करा: भांडण पेटलं की चुलीपासून आणि गॅसपासून लांब, बाहेर पडायला दार असलेल्या खोलीत जायचं, शेजारणीशी एक खूण ठरवायची, आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती घराबाहेर कोणाकडे तरी ठेवायच्या, १८१ हा नंबर फोनमध्ये दुसऱ्याच नावाने. चिठ्ठी द्यायची नाही, पाठ करून घ्यायचं.

घर सोडणाऱ्या बायका मोजून प्रशिक्षणाचं यश ठरवू नका. तो निर्णय तिचा आहे. प्रशिक्षणाआधी मारहाणीच्या किंवा संशयास्पद जखमांच्या वीस नोंदी काढा, नावं झाकून. पाच गोष्टी तपासा: एकटीला विचारल्याची नोंद, तिचे शब्द, मारणाऱ्याचं नातं, सेंटिमीटरमधलं माप, पुढे कुठे पाठवलं. तीन महिन्यांनी पुन्हा वीस काढा आणि शेजारी ठेवा. मापाची नोंद सुधारलेली आणि ‘एकटीला विचारलं’ कोरं दिसलं, तर अडचण सिस्टरांत नाही, खोलीत आहे. तो कागद घेऊन अधिसेविकांकडे जा आणि दार लागणारी एक खोली मागा.